पंचाचा निर्णय चुकला तर?

२ जून २०१०. डेट्रॉइटच्या मैदानावर आर्मांडो गालारागा या पिचरने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला असता, तर 'परफेक्ट गेम' हा दुर्मीळ पराक्रम त्याच्या नावावर जमा होणार होता. १८८० पासून तोवर अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये तो अवघा २० वेळा घडला होता. क्लीव्हलँडचा जेसन डोनाल्ड पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वीच चेंडू तेथे आला. तरीही पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरविले. सामन्यानंतर चित्रीकरण पाहून जॉइस यांनी आपली चूक उघडपणे कबूल केली. निर्णय मात्र बदलला नाही.

धावपटू बाद की नाबाद, चेंडू 'स्ट्राइक' की 'बॉल', हे डोळ्यांनी पाहून द्यावयाचे निर्णय बेसबॉलचा नियम अंतिम मानतो. पंचाला शंका असल्यास तो सहकाऱ्यांना विचारू शकतो. पण त्याने विचारल्याखेरीज सहकाऱ्याने त्यात हस्तक्षेप करावयाचा नाही. एका संघावर अन्याय झाला म्हणून पुढे दुसऱ्यावर तसाच निर्णय देऊन फिट्टंफाट करू नये, अशी ताकीदही नियमपुस्तकातच आहे. ती द्यावी लागली यातच सारे आले!

नियमाचा अर्थ लावताना झालेली चूक मात्र वेगळी. त्याविरुद्ध २०२० पर्यंत लीगकडे दाद मागता येत असे. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये यँकीजविरुद्ध कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या डावात होम रन मारून संघाला ५-४ अशी आघाडी मिळवून दिली. पकड घट्ट राहावी म्हणून बॅटला पाइन झाडाचे चिकट डांबर लावतात; ते मुठीच्या टोकापासून १८ इंचांपलीकडे असू नये, असा नियम होता. पंच टिम मॅकक्लेलंड यांनी १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवर बॅट आडवी ठेवून माप घेतले आणि ब्रेटला बाद दिले. संतापलेला ब्रेट त्यांच्यावर धावून गेला. पुढे अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी निकाल फिरविला: अशी बॅट फार तर खेळातून बाजूला काढावी, होम रन रद्द करणे हा नियमाचा हेतू नाही. १८ ऑगस्टला उरलेला खेळ झाला, तोही दुसऱ्या पंचांच्या देखरेखीखाली. ब्रेटने सर्व बेसना स्पर्श केला हे यांना कसे ठाऊक, असा पेच यँकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी टाकला. पंच डेव्ह फिलिप्स यांनी मूळ पंचांचे प्रतिज्ञापत्रच पुढे केले! कॅन्सस सिटी ५-४ ने जिंकले.

जॉइस यांच्या वेळी चित्रीकरणाचा आधार केवळ होम रनसंबंधी निर्णयांपुरता, २००८ पासून घेतला जात होता. २०१४ पासून व्यवस्थापक बेसवरील निर्णयालाही आव्हान देऊ शकतो आणि न्यूयॉर्कमधील केंद्रातून निकाल येतो. गालारागाचा पराक्रम आज काही मिनिटांत वाचला असता. 'स्ट्राइक' आणि 'बॉल' यांना तेव्हाही वगळले होते. २०२६ च्या हंगामापासून त्यांच्याही तपासणीची सोय झाली, पण ती मागण्याचा अधिकार फलंदाज, पिचर आणि कॅचर या तिघांनाच आहे, व्यवस्थापकाला नाही.