एका प्रकल्पापुरते कोठार

मुंबईहून नाशिककडे जाताना उंबरमाळीनंतर कसारा स्थानक लागते. पुढे थळ घाटात 37 फुटांना 1 फूट असा चढ असल्याने कसाऱ्यास बहुतेक गाड्यांना जादा इंजिने जोडतात व इगतपुरीस काढतात. चढापुरतीच सोय! संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारेही अशीच एका कामापुरती सोय करतात.

विद्यार्थी मित्रांनो, आज्ञावलीतील सारे भाग कोणी स्वतः लिहीत नाही. इतरांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे पॅकेजे, सार्वजनिक कोठारातून मागवतात. या कोठाराला रजिस्ट्री म्हणतात. जावास्क्रिप्ट भाषेसाठी 'एनपीएम' हे असे कोठार आहे. कंपनीची खास पॅकेजे मात्र तिच्या खाजगी कोठारात असतात.

पण दोन्हीकडे एकाच नावाचे पॅकेज असले तर? ॲलेक्स बिर्सन या संशोधकाने कंपन्यांच्या खाजगी पॅकेजांची नावे घेऊन, आवृत्तीचा क्रमांक मोठा देऊन, आपली पॅकेजे सार्वजनिक कोठारांत ठेवली. 35 हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांनी तीच उचलली! हे त्याने फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केले.

यावर उपाय काय? प्रकल्पाच्या फोल्डरात '.एनपीएमआरसी' ही छोटी फाईल ठेवतात. तीत लिहितात, की अमुक उपसर्गाची पॅकेजे अमुक पत्त्यावरूनच आणावीत. बाकीची नेहमीच्या कोठारातून येतात. संगणकावरील इतर प्रकल्पांना या ओळीचा स्पर्श होत नाही.

ही फाईल प्रकल्पाबरोबर सर्व सहकाऱ्यांकडे जाते. म्हणून कोठाराची किल्ली, म्हणजे गुप्त टोकन, तीत कधीही लिहू नये. पत्ता सर्वांना सांगावा. किल्ली ज्याची त्याने जपावी.