शंका विचारावी कशी?

बायबलमध्ये चूक असू शकेल काय, हा प्रश्न ख्रिस्ती स्नेह्यापाशी काढताना पुष्कळांची जीभ अडखळते. स्नेह तुटेल, ही धास्ती असते. एक उदाहरण घेऊ. यहूदा इस्कर्योताने गळफास घेतला, असे मत्तय लिहितो. ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतात, तो पालथा पडला व त्याचे पोट फुटले. एवढ्यावर वाद जिंकल्याचा आनंद मानणे सोपे; परंतु आधी विचारावे, ‘आपण बायबल निर्दोष म्हणता, ते कोणत्या अर्थाने?’ कोणी म्हणेल, दोर तुटून तो पडला असेल. कोणी म्हणेल, तपशील भिन्न असले तरी बोध एकच. दोघेही श्रद्धावानच, भूमिका मात्र निराळ्या. निर्दोषतेच्या कडव्या समर्थकांनी १९७८ साली शिकागो येथे जाहीरनामा काढला, त्यातही हा दावा काटेकोर अर्थाने मूळ लेखनापुरताच आहे. आणि ते मूळ लेखन आज उपलब्ध नाही. तेव्हा प्रतींची व भाषांतरांची चिकित्सा श्रद्धावानालाही टळत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयीच्या शंका त्यांनी तेथील धर्मभगिनींना पत्रांतून निर्भीडपणे कळविल्या. पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्याच विदुषीने बायबल मराठीत आणले. १९२२ साली देह ठेवीपर्यंत त्या या कामात होत्या.

शंका विचारावी ती अशा जिज्ञासेने; आणि स्नेह्याने आपल्या ग्रंथांविषयी तसेच विचारले, तर रागावू नये.