वारा उत्तरेचा, पाणीही उत्तरेकडे

हिवाळ्यात कोकणात एखाद्या नौकेचं इंजिन बंद पडलं आणि ती भरकटली, की टीव्हीवर तासाभरात नकाशा येतो आणि नकाशावर एक ठळक बाण. वारा उत्तरेकडून आहे, तेव्हा नौका दक्षिणेला गेली असणार. पाहुणे माना डोलावतात, व्हॉट्सॲपवर तोच बाण फिरत राहतो. ‘वारा जिकडे, पाणी तिकडे’ हे सगळ्यांना इतकं उघड वाटतं, की पाणी मोजून पाहिलं आहे का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

मोजून पाहिलेलं आहे. १९८७-८८च्या हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत घेतलेल्या निरीक्षणांवर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९१मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किनारी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, म्हणजे त्या वेळच्या उत्तर-वायव्येच्या मंद वाऱ्याच्या तोंडावर. पावसाळ्यात चित्र उलटं. नैऋत्य मोसमी वारा म्हटल्यावर पाणी ईशान्येला ढकललं जात असेल असं वाटतं. पण जून ते सप्टेंबर वरच्या थरातला प्रवाह दक्षिणेकडे जातो. म्हणजे पाण्यापुरता तरी दोन्ही ऋतूंत टीव्हीवरचा बाण चुकतो!

मग पाण्याला ढकलतं कोण? हिवाळ्यापुरतं उत्तर द्यायचं तर बऱ्याच अंशी बंगालचा उपसागर. ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की पूर्व किनाऱ्यालगत पाण्याची पातळी किंचित वाढते. ही वाढ केल्विन लहरींच्या रूपात किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे सरकते. आधी पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला, मग श्रीलंकेला वळसा घालून केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण. वेग सेकंदाला दोन-तीन मीटर, म्हणजे दिवसाला साधारण दोनशे किलोमीटर. ही लहर किनाऱ्यावर उभं राहून दिसत नाही. तिची उंची सेंटीमीटरांत मोजावी लागते. पण किनाऱ्यालगत पातळी चढली की पृथ्वीच्या परिवलनामुळे पाणी सरळ खोल समुद्राकडे उतरत नाही. ते वळतं आणि उंच बाजू उजवीकडे ठेवून किनाऱ्याला समांतर वाहू लागतं. आपल्या किनाऱ्यावर याचा अर्थ उत्तरेकडे.

सेंटीमीटरांनी काय होतं, असं वाटत असेल तर हिशेब करून पाहा. रत्नागिरीच्या अक्षांशावर १०० किलोमीटर रुंदीत पातळीचा फरक १० सेंटीमीटर असला, तर प्रवाहाचा वेग सेकंदाला वीसेक सेंटीमीटर भरतो. दिवसाला सतरा किलोमीटर. आठवडाभर असाच राहिला तर रत्नागिरीचं पाणी रायगड जिल्ह्यासमोर.

वारा कुचकामी आहे, असं यातून कुणी काढू नये. वाऱ्याचा हात असतो, पण तो सरळ नसतो. ध्रुवीय संशोधक नान्सेनला आर्क्टिकमध्ये दिसलं होतं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. समुद्रशास्त्रज्ञ एकमनने १९०५मध्ये त्याचं गणित मांडलं. उत्तर गोलार्धात वाऱ्याने हललेल्या वरच्या थराची एकूण वाहतूक वाऱ्याच्या काटकोनात, उजवीकडे होते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. त्याचा किनाऱ्याला समांतर असलेला, दक्षिणेकडे जाणारा भाग वरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतो, किनाऱ्याशी पातळी उतरते, खालचं गार पाणी वर येतं आणि प्रवाह दक्षिणेकडे वाहतो.

एक खुलासा इथेच करायला हवा, नाहीतर नवा गैरसमज मीच पसरवीन. हा उत्तरेकडचा प्रवाह काही रोजचा रतीब नव्हे. २००८ ते २०१२ या काळात मुंबई, गोवा, कोल्लम आणि कन्याकुमारीसमोर खंडान्त उतारावर ध्वनिलहरींनी वेग मोजणारी उपकरणं नांगरून ठेवली होती. त्यांत ऋतुचक्र दिसलं, पण ते दर वर्षी सारखं नव्हतं. हिवाळ्यात तर त्यावर काही आठवड्यांचे चढउतार स्वार झालेले दिसले. म्हणून जुन्या नकाशावरच्या सरासरीवर विसंबून आजचा बाण काढणंही धोक्याचंच. आजचा प्रवाह आजच मोजावा लागतो.

त्यासाठी किनाऱ्यावरचे उच्च वारंवारतेचे रडार कामाला येतात. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ते गुजरात, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा आणि अंदमानमध्ये जोड्यांनी बसवले. १२ मेगाहर्ट्‌झचा रडार घेतला तर त्याच्या रेडिओलहरीची लांबी २५ मीटर. समुद्रावरच्या ज्या लाटा नेमक्या तिच्या निम्म्या, म्हणजे साडेबारा मीटर लांबीच्या असतात, त्यांच्यावरून प्रतिध्वनी सर्वांत जोरात परत येतो. खोल पाण्यात अशा लाटेचा वेग सेकंदाला ४.४ मीटर, हे आधीच ठाऊक असतं. मोजलेला वेग ४.७ निघाला, तर वरचे ०.३ प्रवाहाचे, सरकत्या पट्ट्यावरून चालणाऱ्या माणसाचा वेग वाढलेला दिसतो तसेच. एका रडारला फक्त स्वतःकडे येणारा किंवा दूर जाणारा वेग कळतो, म्हणून दुसरा लागतो. ‘उपग्रहाला सगळं दिसतं, रडार कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी: पातळी मोजणारा उपग्रह नेमका किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात अडखळतो.

‘प्रवाह म्हणजे भरती-ओहोटी’ हा गैरसमज मला समजू शकतो. वसई-सातपाटीकडचा डोलकर जाळं खुंटांना बांधतो आणि भरती-सुकतीची ओढ त्यात मासळी भरते. उधाणाला ओढ जोरात, भांगाला मंद. त्याचा रोजचा अनुभव खराच आहे. पण ही ओढ येते तशी परत जाते. सेकंदाला एक मीटरपर्यंत चढणारी भरती सहा तासांत पाणी चौदाएक किलोमीटर नेते आणि पुढच्या सहा तासांत जवळपास तिथंच आणून सोडते. दूर नेतो तो संथ, एकाच दिशेचा प्रवाह.

आणखी दोन किरकोळ. लाटा पाणी किनाऱ्याला आणून टाकतात म्हणतात. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी बहुतांशी जागच्या जागी गोल फिरतं. आणि किनाऱ्यावरचा रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. त्याच्याशी झुंजू नका, तरंगत राहा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडा.

आता त्या भरकटलेल्या नौकेकडे. उंच केबिनची रिकामी नौका पाण्यावर बरीच वर असते, तिला वारा ढकलतो. लाइफ जॅकेट घालून पाण्यात असलेला माणूस बव्हंशी पाण्याबरोबर जातो. एकाच ठिकाणी, एकाच वेळी सुटलेले हे दोघे हिवाळ्यात विरुद्ध दिशांना जाऊ शकतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची ‘सरात’ ही शोधप्रणाली म्हणूनच शेवटची जागा आणि वेळ यांच्याबरोबर हरवलं काय आहे, तेही विचारते. नौका संपर्काबाहेर गेली तर वाऱ्यावरून अंदाज बांधत बसू नका. तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: शेवटची जागा, शेवटची वेळ, आणि माणसं नौकेवर आहेत की पाण्यात.