संत्र्याचा हंगाम आणि स्वप्नातली गाडी

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून २०२३ मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर परिसरात, तरुणांच्या स्पोर्ट्स कारच्या स्वप्नाचा हिशोब बहुधा संत्र्याच्या बागेशी किंवा बोरगावच्या कारखान्यातील पगाराशी जोडलेला असतो. वाहनकर्जात काही रक्कम आधी रोख भरावी लागते, तिला डाउन पेमेंट म्हणतात, आणि उरलेली रक्कम व्याजासह मासिक हप्त्यांनी फेडली जाते. १० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने घेतल्यास पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे २०,७६० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ४५ हजार होते; मुदत सात वर्षांची केल्यास हप्ता सुमारे १६,०९० रुपयांवर येतो, परंतु व्याज साडेतीन लाखांवर जाते. पगारदाराला हे जमू शकते. मात्र संत्र्याच्या आंबिया किंवा मृग बहाराचा पैसा वर्षातून एकदाच हाती येतो, गारपिटीने एका दुपारी फळांचा सडा पडतो, आणि हप्ता तर दरमहा ठरल्या तारखेलाच द्यावा लागतो. म्हणून तरुणांनी बहाराचा पैसा आल्यावर आधी वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवावेत, विमा व देखभालीचा खर्च धरावा आणि मगच कर्जाच्या कागदावर सही करावी.