समुद्रातली हाक कुठवर पोहोचते?

डहाणूच्या खाडीतून निघालेली होडी पश्चिमेकडे जाऊ लागली, की आधी किनाऱ्यावरची घरे दिसेनाशी होतात, मग सुरूची झाडे, आणि सर्वांत शेवटी औष्णिक वीजकेंद्राची चिमणी. ही चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. घरे आधी का बुडतात आणि चिमणी मागाहून का, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पृथ्वी गोल आहे. होडीवरच्या रेडिओचे बरेचसे गणित याच एका गोष्टीवर आधारलेले आहे.

आता एक कोडे पाहा. होडीवर बसवलेला २५ वॅटचा रेडिओसंच तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीला बहुधा ऐकू जात नाही. पण हातात सहज मावणारे ५ वॅटचे संकटसूचक यंत्र ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला ऐकू जाते. पाचपट दुबळा आवाज हजारपटींहून अधिक दूर कसा पोहोचतो?

होड्या आणि जहाजे एकमेकांशी बोलतात ती व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च कंप्रतेच्या लहरींवर. संकटाच्या हाकेसाठी जगभर चॅनेल १६ राखून ठेवलेला आहे. त्याची कंप्रता १५६.८ मेगॅहर्ट्‌झ आणि तरंगलांबी जवळजवळ १.९ मीटर. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन समुद्रापार पोहोचतात. व्हीएचएफ लहरींना यातले काही फारसे जमत नाही. त्या प्रकाशासारख्या जवळपास सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापाशी पृथ्वीचा फुगवटा आडवा आला, की वरून निघून जातात. वातावरणामुळे त्या किंचित खाली वाकतात, म्हणून रेडिओचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडे लांब असते, इतकेच.

हे अंतर काढणे सोपे आहे. एरियलच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. ऐकणाऱ्याच्या एरियलसाठीही तसेच करा आणि दोन्ही उत्तरे मिळवा. दोन होड्यांचे एरियल पाण्यापासून चार-चार मीटर उंच असतील, तर ८.२ अधिक ८.२, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर. पण चिमणीच्या टोकावर एरियल लावला आहे अशी कल्पना करा. २७५ चे वर्गमूळ सुमारे १६.६, म्हणून चिमणीचा वाटा ६८ किलोमीटर, आणि होडीचा ८ मिळवून ७६! होडीवरचा संच तोच आणि वॅटही तेवढेच. म्हणून छोटी होडी घेणाऱ्याने अधिक वॅटच्या संचामागे लागण्याआधी एरियल उंच डोलकाठीवर चढवावा, हे माझे मत आहे.

“खिशात मोबाइल असताना हे सारे कशाला?” असे कोणीही विचारील. मोबाइलचे मनोरे जमिनीवरच्या गिऱ्हाइकांसाठी उभारलेले असतात. किनारा मागे पडला की संपर्क तुटू लागतो. पण खरा फरक वेगळाच आहे. फोन एकालाच ऐकू जातो, तर चॅनेल १६ वर मारलेली हाक टप्प्यातल्या प्रत्येक चालू संचावर एकदम उमटते. समुद्रात तुम्हाला वाचवणारा बहुधा शेजारचाच असतो, आणि त्याचा फोन नंबर तुमच्यापाशी असेलच असे नाही.

हाक मारण्याचीही रीत ठरलेली आहे. ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारायचा. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो आला आहे. मग होडीचे नाव तीनदा, आणि लगेच ठिकाण: ‘डहाणूच्या पश्चिमेस आठ सागरी मैल’. त्यानंतर काय झाले आणि किती माणसे आहेत ते सांगायचे, आणि बटण सोडून ऐकायचे. बटण दाबून धरले असताना उत्तर ऐकू येत नाही. घाबरलेला माणूस नेमके हेच विसरतो. नव्या संचांवर झाकणाखाली एक लाल बटण असते. ते दाबले की चॅनेल ७० वरून होडीची ओळख आपोआप जाते, आणि संचाला उपग्रहाधारित स्थाननिर्देशक जोडलेला असेल तर तिचे ठिकाणही जाते.

पण होडीच उलटली तर? १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुलींचा बळी गेला. ती काही मासेमारीची फेरी नव्हती. मुले मौजेने समुद्र पाहायला गेली होती. बोट उलटते तेव्हा तिच्यात पक्का बसवलेला रेडिओ तिच्याबरोबरच पाण्याखाली जातो, आणि पाण्यात व्हीएचएफ लहरी जवळपास जातच नाहीत. तेव्हा कामाचे ठरते ते अंगावर असलेले सामान: जीवरक्षक जाकीट, त्याला बांधलेली शिट्टी, जलरोधक हातसंच. पोहणाऱ्याच्या हातातला एरियल मात्र जेमतेम अर्धा मीटर उंच असतो. वरच्या सूत्राने त्याचा वाटा किती येतो ते काढून पाहा.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांनाही उंचीचाच नियम लागू आहे. हातात धरायचा लाल ज्योतीचा दिवा मिनिटभर जळतो, पण तो जवळच्यांनाच दिसतो. छत्रीचा अग्निबाण ३०० मीटर वर जाऊन लाल प्रकाश देत सुमारे ४० सेकंद तरंगत उतरतो आणि कितीतरी दूरवरून दिसतो. दिवसा नारिंगी धूर उपयोगी. यातले काहीच नसेल, तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करीत राहावे; ही आंतरराष्ट्रीय नियमांतली मान्य खूण आहे.

आता कोड्याचे उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. उपग्रह क्षितिजाच्या वर असतो, त्यामुळे मध्ये पृथ्वीचा फुगवटा येतच नाही. ४०६ मेगॅहर्ट्‌झवर चालणारे संकटसूचक यंत्र साधारण दर ५० सेकंदांनी जेमतेम अर्धा सेकंद बोलते, म्हणून लहानशा बॅटरीवर मोठ्या जहाजांवरची यंत्रे ४८ तास टिकतात. अशा यंत्रांचे संदेश उपग्रहांनी टिपून माणसे वाचवण्याचे काम १९८२ पासून चालू आहे. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने स्वतंत्र यंत्र तयार केले, ते २०१० पासून वापरात आहे. आग, होडी बुडणे, माणूस पाण्यात पडणे, आजारपण यांसाठी त्यावर वेगवेगळी बटणे आहेत. झाई किंवा डहाणूच्या एखाद्या होडीने बटण दाबले, की संदेश उपग्रहावरून बंगळूरच्या केंद्रात उतरतो आणि तेथून तटरक्षक दलाच्या मुंबई येथील बचाव समन्वय केंद्राकडे जातो. पहिल्या यंत्रात एक उणीव होती: हाक पोहोचली की नाही, हे होडीवरच्यांना कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रावर पोच मिळते.

चुकून बटण दाबले गेले तर यंत्र गुपचूप बंद करून बसू नये. चॅनेल १६ वर, किंवा किनाऱ्याजवळ असल्यास तटरक्षक दलाच्या १५५४ या दूरध्वनी क्रमांकावर, ताबडतोब तसे कळवावे. नाहीतर तुमच्या शोधासाठी जहाज निघेल, आणि त्याच वेळी खरी हाक दुसरीकडून आलेली असू शकते.