बिनीची टक्केवारी

भाचा इंजिनिअरिंगला होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या टेबलावर जलविज्ञानाचं पुस्तक उघडं पडलं होतं आणि पानावर ठळक मथळा होता, 'बिनीज् पर्सेंटेजेस'. मी तो मराठी करून मोठ्यानं वाचला, "बिनीची टक्केवारी", आणि हसत सुटलो. वर्षानुवर्षं पालिकेच्या सभांच्या बातम्या वाचलेल्या माणसाला टक्केवारीचा एकच अर्थ ठाऊक असतो. तो विषय आता अभ्यासक्रमात आला, आणि तोही थेट बिनीचा! भाचा हसला नाही. म्हणाला, "मामा, ते माणसाचं नाव आहे. नागपूरचा आहे तो."

नागपूरचा तो नव्हताच, लंडनचा होता. पण त्या दिवसापासून तो माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच. एखाद्या शहरानं जलशुद्धीकरण केंद्रासाठी सल्लागार नेमल्याची बातमी आली, की मला आधी बिनी आठवतो. आमच्या पनवेलच्या पाण्याचा विषय निघाला की हटकून आठवतो.

पनवेलच्या पाण्याची रड पनवेलकरांना नव्यानं सांगायला नको. १८५२ सालची नगरपालिका. वडाळे, कृष्णाळे, विश्राळी, देवाळे, इस्राईल अशी तळ्यांची नावं अजून पत्ता सांगायला कामी येतात. मग १९६४ साली माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदीवर देहरंगचं मातीचं धरण झालं. आज ते आप्पासाहेब वेदक जलाशय म्हणून ओळखलं जातं. २०१६ च्या ऑक्टोबरात पालिकेची महानगरपालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठे आणि आजूबाजूची गावं एका छत्राखाली आली. छत्र मोठं झालं, पण तांब्या तेवढाच राहिला. देहरंगचं पुरत नाही म्हणून जीवन प्राधिकरणाचं, एमआयडीसीचं आणि सिडकोचं पाणी घ्यायचं. त्यातलं प्राधिकरणाचं न्हावा-शेवा योजनेचं पाणी पाताळगंगेतून येतं. त्या नदीत उन्हाळ्यातही पाणी दिसतं, कारण टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून १९१५ साली खोपोलीला वीज करायला सुरुवात केली. म्हणजे मे महिन्यात पनवेलच्या बादलीत पडतो तो लोणावळ्याचा पाऊस, आणि तोही टर्बाइन फिरवून आलेला.

ही यादी आवरती घेतो. मला सांगायचं आहे ते सल्लागाराबद्दल.

अलेक्झांडर रिचर्डसन बिनी १८३९ साली लंडनमध्ये जन्मला आणि १८६८ साली हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात कार्यकारी अभियंता म्हणून आला. नेमणूक मिळाली मध्य प्रांतात. इथल्या वास्तव्यात त्यानं चांदा जिल्ह्यातल्या वरोऱ्याला दगडी कोळसा शोधून काढला. पुढं बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळं जगाला कळलेलं वरोरा ते हेच. पण त्याचं मुख्य काम होतं नागपूर शहराला अंबाझरी तलावातून नळानं पाणी देण्याचं.

आता अंबाझरीबद्दलचा एक घोळ. तो मला फार आवडतो. जिथंतिथं लिहिलेलं असतं, की हा तलाव भोसल्यांच्या राजवटीत १८७० साली बांधला. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं संस्थान खालसा केलं. मग १८७० ला कुठली आली भोसल्यांची राजवट? पण हे वाक्य एकाचं पाहून दुसऱ्यानं उतरवलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं. मला वाटतं, त्यात दोन खरी वाक्यं एकमेकांत अडकली आहेत. तळं जुनं, आणि त्याच्या बांधावर शहराच्या नळांचा हिशेब बसवला गेला तो १८७० च्या आसपास. हिशेब बसवणारा बिनी. त्याचं नाव मात्र तलावाच्या काठी कुणाला ठाऊक नसतं आणि वर्गात सगळ्यांना पाठ असतं.

नागपूरहून परतल्यावर त्यानं लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढं एक निबंध ठेवला. संस्थेच्या १८७४-७५ च्या इतिवृत्तात तो छापलेला आहे. त्याचं शीर्षकच पाहा. मराठीत ते साधारण असं होईल : 'नागपूरची पाणीयोजना, सोबत नागपूरचा पाऊस, जमिनीवरून वाहणारं पाणी व बाष्पीभवन यांची निरीक्षणं, आणि हिंदुस्थानात व अन्यत्र पावसात होणारे चढउतार'. पाणीयोजना दोन शब्दांत आटोपली, उरलेलं सगळं शीर्षक मोजमापाचं. माणसाचा जीव कशात होता ते ह्यावरून कळतं.

१८६९ आणि १८७२ साली बिनीनं नागपूरजवळच्या एका लहान पाणलोटावर मोजणी केली. क्षेत्र जेमतेम १६ चौरस किलोमीटर. पडलेला पाऊस किती आणि त्यातलं वाहून आलेलं पाणी किती, दोन्ही मोजायचं आणि हंगामभर त्यांची बेरीज करत जायची. साधी गोष्ट आहे, पण करायला चिकाटी लागते. त्यातून जो तक्ता निघाला तो असा : हंगामात ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर १५ टक्के पाणी हाती येतं, ६०० ला २१, ८०० ला २९, १००० ला ३८, आणि ११०० ला ४०. हीच बिनीची टक्केवारी. दीडशे वर्षांपूर्वीची ही मोजणी विदर्भात आणि मध्य प्रदेशात तलावांचे अंदाज बांधताना पुढं कितीतरी वर्षं वापरली गेली.

तक्ता दिसायला रुक्ष, पण आपण त्याच १६ चौरस किलोमीटरवर आकडे मांडून पाहू. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८ दशलक्ष घनमीटर पाणी आकाशातून पडलं. त्याचे १५ टक्के, म्हणजे तलावात आलं १२ लाख घनमीटर. आता पाऊस दुप्पट करा, १००० मिलिमीटर. पडलं १६ दशलक्ष, त्याचे ३८ टक्के, म्हणजे तलावात आलं ६० लाखांच्या वर. पाऊस दुप्पट झाला आणि पाणी पाचपट! उलट्या बाजूनं वाचलं तर छातीत धस्स होतं. पाऊस निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, ते पाचव्या हिश्श्यावर येतं. मृगाचा पाऊस आधी भेगाळलेली काळी माती पिते. तिची तहान भागली की मगच ती ओढ्याला काही देते. शेतकऱ्याला हे उपजत कळतं. बिनीनं ते आकड्यांत बसवलं.

ह्या तक्त्याला मर्यादाही आहेत. तो वर्षाचं पाणी सांगतो, रात्रीचं सांगत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पण महिना पाहा. सप्टेंबरअखेर म्हणजे माती तृप्त आणि तळं काठोकाठ. जूनमध्ये तेवढ्याच पावसाचं पाणी मातीनं बरंचसं पोटात घेतलं असतं. टक्का हंगामाबरोबर चढत जातो, हे बिनीचं मूळ सूत्र त्या पहाटेही खोटं ठरलं नाही.

बिनीचा तक्ता घेऊन कोकणात मात्र उतरायचं नाही. कोकणासाठी दुसरं सूत्र आहे, इंग्लिस आणि डिसोझा ह्यांचं, १९२९ सालचं. त्यांनी पश्चिम हिंदुस्थानात ५३ ठिकाणी नद्यानाल्यांचा प्रवाह मोजला आणि घाटासाठी एक, पठारासाठी दुसरं अशी दोन समीकरणं दिली. क्लॉड इंग्लिस ह्यांचं नाव खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात आदरानं घेतलं जातं. ते पुढं सर झाले आणि इंग्लंडातल्या वॉलिंगफर्डच्या संशोधन केंद्राचे पहिले संचालकही झाले. आणि डिसोझा? पुस्तकात ते नेहमी 'आणि'नंतर येतात. ५३ ठिकाणचे आकडे गोळा करायला भर पावसात नाल्यांच्या काठी कोण उभं राहिलं असेल, ह्याचा विचार करताना मला हा 'आणि डिसोझा' मोठा वाटू लागतो.

त्यांचं घाटाचं सूत्र पनवेलला लावू. सेंटिमीटरमध्ये पाऊस घ्या, त्याला ०.८५ नं गुणा आणि ३०.५ वजा करा. पाऊस ३०० सेंटिमीटर धरला तर २२४.५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ७५ टक्के पाणी वाहून येतं. आता बोरघाट चढून पलीकडे जा. पठारावर ६० सेंटिमीटर पावसाला त्यांचंच दुसरं सूत्र देतं जेमतेम १० सेंटिमीटर, म्हणजे १७ टक्के. दोन-तीन तासांच्या एसटीच्या प्रवासात टक्का ७५ वरून १७ वर येतो.

मग प्रश्न असा, की ७५ टक्केवाल्या पनवेलला टँकर का लागावा? पाटीवरचं गणित आहे. देहरंगची मूळ क्षमता सुमारे साडेतीन दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेतीनशे कोटी लिटर. इंग्लिस-डिसोझांच्या हिशेबानं एवढं पाणी द्यायला दीड चौरस किलोमीटरपेक्षा थोडीशीच जास्त जमीन पुरते. माथेरानचा उतार त्याहून कितीतरी मोठा. म्हणून धरण पावसाळ्याच्या पूर्वार्धातच भरतं, आणि पुढचे दोन-तीन महिने सांडव्यावरून पाणी गाढीत, गाढीतून खाडीत. पोरं धबधब्याखाली नाचतात आणि आपण फोटो काढतो.

आता खर्चाची बाजू. २०११ च्या जनगणनेत जुन्या पालिका हद्दीत १ लाख ८० हजार माणसं होती. माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला २ कोटी ४३ लाख लिटर. १ ऑक्टोबरला काठोकाठ भरलेलं धरण, बाष्पीभवन नाही, गाळ नाही, गळती नाही असं मानलं, तरी १४४ दिवसांत तळ दिसतो. म्हणजे महाशिवरात्रीच्या आसपास. आज महापालिकेत असलेल्या सगळ्या भागाची तेव्हाची ५ लाखांवर लोकसंख्या धरली तर ५१ दिवस, म्हणजे दिवाळीचे कंदील उतरवेपर्यंत. आणि ही माणसं २०११ सालची.

तर पनवेलला पावसाची वाण नाही, भांडं लहान आहे. शुद्धीकरण केंद्र पाणी शुद्ध करतं, पैदा करत नाही. हे सांगायला सल्लागार कशाला हवा, असं कुणी म्हणेल. हवा, कारण हे लेखी सांगणारं कुणीतरी लागतं.

सल्लागार नेमण्याच्या जाहिराती मी छंद म्हणून वाचतो. अनामत रक्कम, वार्षिक उलाढाल, अमुक एमएलडीच्या केंद्राचा अनुभव, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा. मग सल्लागार येतो, सविस्तर प्रकल्प अहवाल करतो, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात. आणि त्याची फी बहुतेक वेळा प्रकल्पाच्या खर्चाचे अमुक टक्के अशी ठरते. म्हणजे इथंही टक्केवारी आहेच, आणि ती कायदेशीर आहे. पण तिची दिशा पाहा. प्रकल्प महाग झाला तर सल्लागाराची फी वाढते, त्यानं डोकं चालवून खर्च वाचवला तर कमी होते. ह्या व्यवस्थेत काटकसर सुचणारा माणूस स्वतःच्या खिशाला कात्री लावतो.

विश्वेश्वरय्यांची सक्करची गोष्ट मला इथं आठवते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागलेल्या ह्या अभियंत्याला सिंधमधल्या सक्कर पालिकेच्या पाण्यासाठी पाठवलं गेलं. सिंधूचं पाणी गढूळ आणि गाळणी टाक्या बांधायला पालिकेकडं पैसा नाही. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली, वाळूतून झिरपून येणारं पाणी तिच्यात घेतलं आणि ते वर चढवलं. गाळण्याचं काम नदीच्याच वाळूनं केलं. १८९५ साली योजना सुरू झाली. विश्वेश्वरय्या पगारी नोकर होते. टक्क्यावर असते तर ही युक्ती त्यांना चांगलीच महागात पडली असती.

बिनीसारखा सल्लागारानं पाण्याच्या काठी मुक्काम का करावा, ते मला एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत जुलैच्या एका सकाळी कळलं. सहा काचेची भांडी ओळीनं मांडलेली, प्रत्येकात एक लिटर नदीचं पाणी, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. प्रत्येकात तुरटीचं द्रावण वेगवेगळ्या मापानं घातलं. मिनिटभर पाती जोरात फिरली, मग वीसेक मिनिटं अगदी हळू. पहिल्या भांड्यात काहीच घडेना. चौथ्यात मात्र पिंजलेल्या कापसासारखे पुंजके धरू लागले, जड झाले आणि बसले. वर नितळ पाणी. सहाव्यात तुरटी जास्त झाली होती, तिथं पुन्हा धूसर. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, आज चौथ्याचा डोस. रात्री पाऊस झाला तर उद्या पुन्हा लावायचं." जानेवारीत एक दिवस येऊन दोन बाटल्या नमुना नेणाऱ्याला हे पाणी दिसतच नाही. आणि केंद्राची खरी परीक्षा जानेवारीत नसते, ती पहिल्या गढूळ लोंढ्याला असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे, ती जुलैतही १ च असते.

बिनी पुढं ब्रॅडफर्डचा पाणी-अभियंता झाला, मग लंडन कौंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता. थेम्सखालचा ब्लॅकवॉलचा बोगदा त्याच्या हाताखाली झाला, १८९७ साली तो सर झाला. आणि नोकरी सोडल्यावर, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, त्यानं काय करावं? सल्लागाराचं दुकान काढलं, मुलाला बरोबर घेऊन. त्यातूनच बिनी अँड पार्टनर्स उभी राहिली. झेलमवरच्या मंगला धरणाची सल्लागार तीच. १९९० च्या दशकात ती एका अमेरिकी कंपनीच्या पोटात गेली. फी त्यानंही घेतली असणारच. पण त्याच्या सल्ल्याखाली नागपूरच्या पावसाळ्यांची मोजणी होती.

म्हणून माझी मागणी लहान आहे. सल्लागाराच्या जाहिरातीत एक अट घाला : उमेदवारानं एक अख्खा पावसाळा स्रोताच्या काठी मोजणी करावी, पाऊस, प्रवाह आणि गढूळपणा, रोजचा. त्या कामाचे पैसे वेगळे द्या, ठोक द्या, पण टक्क्यानं देऊ नका.

दुसऱ्याला सांगायचं तर आधी आपण करावं, म्हणून गेल्या जूनमध्ये गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवला आणि पन्हळीखाली पिंप. पहिल्या सरीला मापकात २ मिलिमीटर भरले. पिंपात थेंब नाही. तापलेल्या स्लॅबनं सगळं पिऊन टाकलं होतं. मी वहीत नोंद करत होतो, तेवढ्यात शेजारचे काका कठड्यावरून डोकावले. आयुष्यभर ठेकेदारी केलेला माणूस. मी काय करतोय ते त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"काय, किती टक्के बसले?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या हप्त्याला काहीच नाही," मी म्हटलं.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आधी खालच्यांची तहान भागते."