शासकीय तांत्रिक विद्यालयाविषयी विद्यार्थी व पालकांची मते : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

माध्यमिक शाळेचे मूल्यमापन आपल्याकडे बहुधा दहावीच्या निकालावरून केले जाते. तांत्रिक विद्यालयाच्या बाबतीत मात्र हे मोजमाप अपुरे ठरते, कारण या संस्थेचा विद्यार्थी निकालाच्या यादीत दुसऱ्याच शाळेच्या नावाखाली दिसतो. तो नाव घालतो एका शाळेत, कानस आणि रंधा चालवायला शिकतो दुसरीकडे, आणि गुणपत्रिका पुन्हा पहिल्या शाळेतून घेतो. अशा संस्थेविषयी विद्यार्थी व पालक यांना काय वाटते, ते तसे का वाटते आणि त्यांचे मत विचारताना अभ्यासकाने कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनाचे क्षेत्र धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा हे असले, तरी संस्थेची रचना राज्यभर सारखीच असल्यामुळे काही मुद्दे इतर जिल्ह्यांनाही लागू पडतील.

संस्थेचे स्वरूप

शालेय वयात हाताच्या कामाला स्थान असावे, हा विचार नवा नाही. 1937 मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली व डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. मुदलियार आयोगाने (1952-53) बहुउद्देशीय शाळांची व तांत्रिक शाखेची शिफारस केली. कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभव व व्यवसायीकरण या दोहोंवर भर दिला. गांधीजींच्या कल्पनेत हस्तोद्योग हे सर्वच मुलांच्या शिक्षणाचे माध्यम होते. मुदलियार आयोगाच्या रचनेत ती काही मुलांनी निवडायची एक शाखा झाली. हा बदल वरकरणी लहान वाटतो. परंतु 'ही शाखा कोणाच्या मुलांसाठी?' हा पालकांच्या मनातील प्रश्न तेथूनच सुरू होतो.

महाराष्ट्रात या शाळांनी केंद्रशाळेची पद्धत स्वीकारली. गावातील तीन-चार माध्यमिक शाळांना प्रत्येकी स्वतंत्र कार्यशाळा उभारणे परवडणारे नव्हते. म्हणून शासनाने एकच सुसज्ज केंद्र उभारावे, तेथे सुतारकाम, जोडारी, पत्राकाम, लोहारकाम, विद्युत तारकाम व अभियांत्रिकी चित्रकला शिकवावी, आणि आसपासच्या संलग्न शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांनी ठरलेल्या तासिकांना तेथे यावे, अशी ही योजना होती. पुढे याच केंद्रांना उच्च माध्यमिक स्तरावरील द्विलक्षी अभ्यासक्रम व 1988-89 पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम (एम.सी.व्ही.सी.) जोडले गेले. 1984 मध्ये तंत्रशिक्षण संचालनालयाचे विभाजन होऊन व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय अस्तित्वात आले व ही केंद्रे त्याच्याकडे आली. परिणामी विद्यार्थी शालेय शिक्षण विभागाच्या शाळेतला आणि कार्यशाळा दुसऱ्या विभागाची, अशी स्थिती निर्माण झाली. तक्रार कोठे करावी हे पालकाला उमगत नाही. कौतुक कोणाचे करावे हेही उमगत नाही.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

धाराशिव जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तालुके आठ आहेत. 2018 मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. ही माहिती वाचकांना परिचित आहे. ती येथे सांगण्याचे कारण इतकेच की, पालकांचे मत शाळेच्या भिंतीआड तयार होत नाही. कोरडवाहू शेती, वारंवार पडणारा दुष्काळ, मोठ्या कारखानदारीचा अभाव आणि ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर हा त्या मताचा पाया आहे. शाळेत शिकलेले कौशल्य गावात विकले जाईल की त्यासाठी पुणे गाठावे लागेल, हा हिशेब पालक प्रवेशाच्या दिवशीच करतो.

याला छेद देणारा एक अनुभवही याच जिल्ह्याने घेतला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने लातूरबरोबरच या जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचे जे काम चालले, त्यात गवंडी, सुतार, जोडारी व तारतंत्री यांची गरज ग्रामस्थांनी प्रत्यक्ष पाहिली. घर उभे राहते ते कोणाच्या हाताने, हा प्रश्न त्या पिढीला पुस्तकातून शिकावा लागला नाही. तथापि कारागिराची गरज पटणे आणि आपल्या मुलाने कारागीर व्हावे असे वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विद्यार्थ्यांचे मत

विद्यार्थ्याला कार्यशाळा प्रथम भावते ती बदल म्हणून. वर्गात सलग तास बसणारा मुलगा येथे उभा राहतो, हालचाल करतो, आवाज करतो. वाइसमध्ये पट्टी आवळून ती काटकोनात घासताना चूक लगेच दिसते. गुण मिळेपर्यंत थांबावे लागत नाही. गुण्या लावला की फट दिसते, आणि ती फट निदेशकाला जशी दिसते तशीच विद्यार्थ्यालाही दिसते. भाषेच्या वा इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना हा न्याय विशेष आवडतो. आपले मूल्यमापन शिक्षकाच्या मर्जीवर नाही, ही जाणीव त्यांना इतरत्र क्वचितच होते.

नापसंतीची कारणे बहुधा कामाबाहेरची असतात. शाळा ते केंद्र हे अंतर पायी वा सायकलने तुडवावे लागते. उशीर झाला तर दोन्हीकडे बोलणी खावी लागतात. मूळ शाळेत त्याच वेळी एखादा जादा तास ठेवलेला असतो. अवजारे पुरेशी नसली की एक मुलगा काम करतो व चौघे पाहतात. सर्वाधिक सलणारी बाब म्हणजे दहावीचे वर्ष जवळ आले की वर्गशिक्षकच 'तिकडचा वेळ वाचव' असे सुचवतात. ज्या विषयाचे गुण त्याच गुणपत्रिकेत मिळणार, तो विषय दुय्यम असल्याचा संदेश विद्यार्थ्याला येथे मिळतो.

मुलींच्या मताचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. वायरिंग बोर्ड जोडणे किंवा अभियांत्रिकी चित्रकला यांत त्या मागे पडतात असे मानण्यास आधार नाही. अडचण वेळेची व वाटेची असते. संध्याकाळच्या तासिकेनंतर घरी परतण्याची सोय नसेल, तर मुलीचे विषयाविषयीचे मत विचारण्यापूर्वीच तिची निवड झालेली असते. अशा मुलीची 'नावड' प्रश्नावलीत नोंदवली गेली, तर ती वास्तविक बसच्या वेळापत्रकाची नोंद ठरते.

पालकांचे मत

पालकांच्या मतात एक अंतर्विरोध आढळतो आणि तो समजून घेतल्याशिवाय त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. सर्वसाधारण चर्चेत बहुतेक पालक हाताला काम देणाऱ्या शिक्षणाचे समर्थन करतात. स्वतःच्या पाल्याच्या निवडीची वेळ आली की तेच पालक विज्ञान शाखा, शिकवणी आणि स्पर्धा परीक्षा यांकडे वळतात. यात ढोंग नाही. व्यवसाय शिक्षण हा समाजासाठी चांगला आणि आपल्यासाठी धोक्याचा पर्याय आहे, असा त्यांचा अनुभवाधिष्ठित निष्कर्ष असतो. लातूरच्या शैक्षणिक यशाची कीर्ती शेजारच्या या जिल्ह्यात घरोघरी पोहोचलेली असल्यामुळे तर हे अधिकच घडते.

सुतारकाम व लोहारकाम यांचा बलुतेदारीशी असलेला संबंधही विसरता येत नाही. ज्या कुटुंबांत हे काम पिढीजात होते, त्यांपैकी अनेकांना शाळेने आपल्या मुलाच्या हाती पुन्हा तेच अवजार द्यावे हे रुचत नाही. त्यातून सुटका व्हावी म्हणूनच त्यांनी मुलाला शाळेत घातलेले असते. ज्यांच्या घरी हे काम कधी नव्हते, त्यांना ते आपले वाटत नाही. अशा रीतीने दोन्हीकडून येणारा नकार एकच दिसतो, परंतु त्यामागची वेदना वेगळी आहे. शासकीय अहवालांत ही बाब 'पालकांची उदासीनता' या दोन शब्दांत संपवली जाते, हे योग्य नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी निराळा. वाशी, भूम, कळंब, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेला मुलगा आजीआजोबांकडे असतो. सोबत गेलेला मुलगा शाळेला मुकतो. बुडालेला इतिहासाचा धडा मार्गदर्शकातून वाचता येतो. बुडालेले जोडारीचे काम कशातूनही वाचता येत नाही. ज्या घराला अशा कौशल्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच घराला हे वेळापत्रक पेलत नाही.

याउलट, ज्या पालकांना पुढील वाट स्पष्ट दिसते, त्यांचे मत अनुकूल असते. तंत्र विषय घेऊन दहावी झालेल्यांसाठी पदविका प्रवेशात काही जागा राखीव ठेवण्याची पद्धत होती, तसेच तांत्रिक व्यवसाय अभ्यासक्रमासह बारावी उत्तीर्ण झालेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट खुली झाली. ही माहिती ज्यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांनी केंद्राकडे कमीपणाने पाहिले नाही. तेव्हा पालकांना विषयापेक्षा मार्ग बंद होण्याची भीती अधिक वाटते, असे म्हणण्यास जागा आहे.

पाबळचा अनुभव

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथे विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे विभाग एकत्र शिकवले जातात. आठवड्यातून एक दिवस, आपल्याच शाळेत, सर्व मुलामुलींनी हे काम करावयाचे, आणि शिकता शिकता गावाला उपयोगी पडेल अशी सेवा द्यावयाची. या रचनेत केंद्रशाळेच्या दोन अडचणी टळतात. विद्यार्थ्याला दुसरीकडे जावे लागत नाही, आणि 'हुशार मुलांची' व 'हाताने काम करणाऱ्या मुलांची' अशी विभागणी होत नाही. पालकांच्या दृष्टीने तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : दुरुस्त झालेला पंप किंवा माती परीक्षणाचा कागद ते स्वतः पाहतात. जोडारीचा सुबक 'जॉब' गुणदानानंतर केंद्राच्या कपाटातच राहतो व पालकाला तो कधी दिसत नाही. अर्थात सर्व काही थोडेथोडे शिकवणाऱ्या या पद्धतीत एका व्यवसायातील अचूकता कितपत येते, हा प्रश्न उरतोच. तेथे केंद्राची सुसज्ज कार्यशाळा व अनुभवी निदेशक यांना पर्याय नाही.

मत कसे विचारावे

महाविद्यालयीन अध्यापकांना प्रतिसाद-प्रपत्रे नवीन नाहीत. नॅकच्या सुधारित मूल्यांकनात 2017 पासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश झाल्यावर तर पंचबिंदू मापनश्रेणी हा नित्याचा भाग झाला. हीच पद्धत लहान तांत्रिक शाळेस जशीच्या तशी लावली, तर तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली संख्येची. वीस मुलांच्या तुकडीत एका मुलाचे मत म्हणजे पाच टक्के. एक मुलगा नाराज झाला व दुसरा त्या दिवशी गैरहजर राहिला, की समाधानाचा आकडा लगेच खालीवर होतो. अशा ठिकाणी टक्केवारी देण्याऐवजी किती जणांपैकी किती जण, हे सरळ सांगावे.

दुसरी गोपनीयतेची. निदेशक प्रत्येक मुलाचे अक्षर ओळखतो. नाव न लिहिल्याने ओळख लपत नाही. प्रात्यक्षिकाचे गुण त्याच निदेशकाच्या हाती असताना भरलेल्या प्रपत्रातील 'अत्यंत समाधानी' याला फारसा अर्थ नसतो. विचारणा बाहेरील व्यक्तीने, शक्यतो परीक्षेनंतर व तोंडी करावी. पालकांच्या बाबतीत तर छापील प्रपत्र बहुधा मुलगाच भरतो व वडील सही करतात.

तिसरी फसगत सर्वांत गंभीर आहे. जे हजर आहेत त्यांनाच विचारले जाते. ज्याने आठवीत तंत्र विषय घेऊन नववीत सोडला, जी मुलगी बसअभावी आलीच नाही, ज्याचे आईवडील जानेवारीत कारखान्याच्या तळावर होते, त्यांचे मत कोठेही नोंदले जात नाही. प्रशासनाकडे मात्र त्यांची नोंद असते, ती पटसंख्या घटल्याच्या रूपाने. पट कमी म्हणून पदे रिक्त राहतात, निदेशक नाही म्हणून यंत्रे बंद राहतात, यंत्रे बंद म्हणून पुढील वर्षी प्रवेश आणखी घटतात. या क्रमात 'पालकांना हे शिक्षण नको आहे' हा निष्कर्ष कोणत्याही टप्प्यावर सिद्ध झालेला नसतो. तरी तो शेवटी कारण म्हणून लिहिला जातो.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील 25 टक्के विद्यार्थी 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. 1992 च्या सुधारणेत ती मुदत 2000 पर्यंत वाढवण्यात आली. 2020 च्या धोरणाने 2025 पर्यंत किमान 50 टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा असे म्हटले. उद्दिष्टांचे आकडे प्रत्येक वेळी वरून ठरले. धाराशिवसारख्या जिल्ह्यात एखाद्या अध्यापकाने वा संशोधक विद्यार्थ्याने केंद्राच्या जुन्या प्रवेश नोंदवह्या घेऊन विषय सोडून गेलेल्या मुलांची घरे शोधली, आणि त्यांच्या पालकांना ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, म्हणजे मे महिन्यात, घरी जाऊन विचारले, तर सोडण्याचे कारण विषय होता, अंतर होते की रिकामी पडलेली निदेशकाची खुर्ची, हे वेगवेगळे नोंदवता येईल. अशी नोंदवही केंद्राच्या कार्यालयात असते, आणि ती पाहण्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी पुरेशी होऊ शकते.